यादीत नाही म्हणजे सिस्टीममध्ये नाही? सॅपमध्ये शोधताना या चुका टाळा

गेली चौदा वर्षं मी चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत सॅपवर (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवायचं सॉफ्टवेअर) खरेदी आणि स्टोअरचं काम बघतो. आठवड्यातून एकदा तरी कुणी येऊन म्हणतं, "सर, सिस्टीम चुकीचा डेटा देते." तपासायला बसलो की बहुतेक वेळा सिस्टीमनं विचारलं तेवढंच दिलेलं असतं. अट लावताना चूक झालेली असते. आणि चुकीची यादी दिसायला बरोबर यादीसारखीच असते. लाल मेसेज येत नाही, रकाने नीट भरलेले असतात, म्हणून कुणाला शंका येत नाही.

सगळ्यात जास्त त्रास दिलेली चूक आधी सांगतो: ५०० ची मर्यादा. एसई१६एन, म्हणजे टेबलातला डेटा थेट बघायची स्क्रीन, उघडलं की मॅक्सिमम हिट्सच्या (जास्तीत जास्त किती ओळी दाखवायच्या) चौकटीत ५०० आधीच भरलेले असतात. जुन्या एसई१६ मध्ये २००. एफ४ दाबून कोड शोधतानाही अशीच मर्यादा असते. ती चौकट कुणी वाचत नाही.

एका मार्चअखेरीस खरेदी प्रमुखांनी उघड्या पीओंची (माल यायचा बाकी असलेल्या खरेदी ऑर्डरींची) यादी मागितली. नको असलेल्या ओळी बंद करून नवं वर्ष सुरू करायचं होतं. नुकत्याच लागलेल्या एका मुलानं ईकेपीओ या पीओच्या ओळींच्या टेबलावर प्लँटचा कोड टाकला, एफ८ दाबून यादी आणली, एक्सेल काढली आणि मेल केली. सगळं दहा मिनिटांत. बायर लोकांनी दोन दिवस बसून त्या यादीप्रमाणे ओळी बंद केल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेटवर कास्टिंगचा ट्रक येऊन उभा राहिला. ज्या मॉडेलचं उत्पादन थांबलं होतं, त्याचं कास्टिंग. पीओ सिस्टीममध्ये जिवंत होता, त्यामुळे स्टोअरनं जीआर (माल आल्याची नोंद) केला. त्यांची काही चूक नव्हती, व्हेंडरचीही नव्हती.

मी मार्चमधली ती एक्सेल उघडली आणि थेट तळाला गेलो. शेवटची ओळ ५०१ वी, म्हणजे हेडिंग सोडून बरोबर ५००. शेवटचा पीओ दोन वर्षांपूर्वीचा. आमचा प्लँट रोज पीओ काढायचा आणि यादीत चालू वर्षाचा एकही पीओ नव्हता, म्हणूनच कास्टिंगचा पीओ बंद करायचा राहिला. बारा-पंधरा जणांच्या हातून ती फाईल गेली होती. त्या मुलावर मी रागावलो नाही. "दहा मिनिटांत दे" म्हणून त्याच्या मागे लागणाऱ्यांवर मात्र रागावलो, आणि आजही रागावतो.

माझी सवय अशी. अटी भरल्या की आधी नंबर ऑफ एन्ट्रीजचं बटण दाबायचं आणि आलेला आकडा वहीत लिहायचा. आकडा आवाक्यातला असेल तर मर्यादेची चौकट रिकामी करून यादी काढायची. लाखांत असेल तर आधी अटी घट्ट करायच्या. शेवटी एक्सेलमधल्या ओळी वहीतल्या आकड्याशी जुळतात का ते बघायचं. यादीत नेमक्या २०० किंवा ५०० ओळी दिसल्या तर ती अर्धवट आहे असंच धरायचं.

त्याच यादीत दुसरी चूकही होती, आणि ती मला पहिलीपेक्षा वाईट वाटते, कारण अनुभवी लोकही ती करतात. डिलीट झालेल्या ओळी नकोत म्हणून डिलीशन इंडिकेटरची चौकट रिकामी सोडायची. मनात हिशोब असा, की डिलीट केलेल्या ओळीत 'एल' असतो, ब्लॉक केलेल्या ओळीत 'एस' असतो, चालू ओळीत काहीच नसतं, तेव्हा चौकटही रिकामी ठेवू. पण रिकाम्या चौकटीचा अर्थ सॅप 'काहीही चालेल' असा घेतं. म्हणजे एल, एस, रिकामं, सगळंच येतं. बायर मग वर्षापूर्वी रद्द केलेल्या ओळींसाठी व्हेंडरला फोन करत बसतात.

'रिकामंच हवं' हे वेगळं सांगावं लागतं. त्या फील्डच्या ऑप्शन बटणावर क्लिक करायचं, बरोबरचं (=) चिन्ह निवडायचं आणि किंमत (व्हॅल्यू) रिकामीच ठेवायची. चौकटीशेजारी ते चिन्ह दिसलं की अट लागली. डिलिव्हरी कम्प्लीटेड इंडिकेटरलाही (ओळीचा माल येऊन संपला ही खूण) हेच करायचं.

खरं तर उघड्या पीओसाठी टेबलात शिरायची गरजच नसते. एमई२एन या पीओंच्या तयार रिपोर्टमध्ये सिलेक्शन पॅरामीटर डब्ल्यूई१०१ टाका, माल यायचा बाकी असलेल्या ओळी मिळतात. तयार रिपोर्ट असताना नवशिक्यांनी एसई१६एन वर उड्या मारणं मला अजिबात पसंत नाही. टेबल पटकन उघडतं हे खरं, पण रिपोर्टमध्ये आधीच घातलेला हिशोब तिथं तुम्हालाच करावा लागतो.

एमबी५१ या मालाच्या हालचालींच्या रिपोर्टमध्ये आवक काढताना फक्त १०१ (जीआरचा मूव्हमेंट कोड) टाकू नका. १०२ म्हणजे त्याच जीआरचं रिव्हर्सल. ते सोडलं तर चुकून झालेला आणि लगेच उलटवलेला जीआरही आवकेत मोजला जातो. निव्वळ आवक हवी असेल तर व्हेंडरला परत पाठवलेल्या मालाचं १२२ पण घ्या. उत्पादनाला दिलेल्या मालाच्या २६१ सोबत त्याचं रिव्हर्सल २६२ घ्या.

तारीख कोणती लावताय ते बघा. ३१ मार्चला आलेला ट्रक २ एप्रिलला सिस्टीममध्ये चढवला आणि पोस्टिंग डेट ३१ मार्च दिली, तर साठ्याच्या हिशोबात तो मार्चमध्ये येतो, पण एन्ट्री डेट एप्रिलचीच राहते. माल कोणत्या महिन्यातला आणि नोंद कधी केली, हे ऑडिटरचे दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांना दोन वेगळ्या तारखा लागतात.

मल्टिपल सिलेक्शनमध्ये एकाच फील्डच्या हिरव्या टॅबमधल्या किमती 'हे किंवा ते' अशा चालतात, वेगवेगळ्या फील्डच्या अटी मात्र सगळ्या एकदम लागतात. लाल टॅबमध्ये टाकलेलं वगळलं जातं, मग तेच हिरव्यात असलं तरी. घाईत कोडची यादी लाल टॅबमध्ये पेस्ट करून 'डेटाच येत नाही' म्हणणारे मी दरवर्षी पाहतो.

शोधताना स्टारच्या (*) जागी कितीही अक्षरं बसतात, प्लसच्या (+) जागी एकच. एमएकेटी टेबलातल्या मटेरियलच्या वर्णनात शोधताना लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. त्यासाठीच शेजारी सगळं कॅपिटलमध्ये ठेवणारा एमएकेटीजी रकाना आहे, तो वापरा.

एक्सेलमधून कोड पेस्ट करण्याआधी मागची स्पेस काढा.

सेव्ह केलेला व्हेरियंट (भरून ठेवलेल्या अटींचा संच) चालवताना तारखेकडे एकदा बघाच. गेल्या महिन्याची तारीख त्यात तशीच असते. तारखेला डायनॅमिक करून ठेवण्याची सोय व्हेरियंटमध्ये आहे आणि एकदाच पाच मिनिटं खर्च होतात.

माझ्या टेबलावर नेहमी एक चिठ्ठी असते. यादी काढण्याआधी तिच्यावर तीन पीओ नंबर लिहितो. पहिला कालचा, यादीत यायलाच हवा असा. दुसरा जुना पण अजून उघडा. तिसरा डिलीट केलेला, येताच कामा नये असा. यादी आली की आधी हे तीन शोधतो. एक जरी चुकला तरी मेल थांबवतो आणि अटी पुन्हा बघतो. हाताखालच्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो. कटकट वाटते त्यांना, वाटू दे.

आणि तिन्ही नंबर बरोबर आले, तरीही शेजारच्या माणसाच्या स्क्रीनवर जास्त ओळी दिसत असतील, तर लेआऊट बघा. एएलव्हीच्या (सॅपमधल्या यादीच्या तक्त्याच्या) लेआऊटसोबत, म्हणजे रकान्यांच्या मांडणीसोबत, फिल्टरही सेव्ह होतो. कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी स्वतःपुरता एकाच स्टोरेज लोकेशनचा फिल्टर लावून तो लेआऊट सगळ्यांसाठी सेव्ह केलेला असतो, आणि तुम्ही तोच निवडलेला असतो.