अभ्यासक्रमाची आखणी कोठून सुरू करावी
स्लाइड बनवायला घेण्यापूर्वी, शिकणाऱ्याला शेवटी नेमके काय करता आले पाहिजे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘तक्रारनोंदणीची पद्धत समजेल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘ग्राहकाचा फोन चालू असतानाच तक्रार योग्य प्रकारात नोंदवेल’ हे तपासता येते. अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली शैक्षणिक उद्दिष्टांची सहा स्तरांची वर्गवारी ‘नोंदवेल’सारखी तपासता येणारी क्रियापदे निवडताना उपयोगी पडते. मजकुराआधी चाचणी तयार करावी. विषयतज्ज्ञांना सहसा सगळेच महत्त्वाचे वाटते, म्हणून त्यांना ‘काय शिकवू?’ असे न विचारता ‘नवखा माणूस कुठे चुकतो?’ असे विचारावे. त्या चुकांतूनच सरावाचे प्रसंग आणि प्रश्नांचे फसवे पर्याय मिळतात. पहिला मसुदा दोन-तीन नवख्यांना देऊन, ते अडखळतील तिथे मदत न करता फक्त नोंद घ्यावी.