डोंगरातला लूप पळत-चालत करायचाय? मग हे बघून घ्या

लूपमध्ये, म्हणजे निघालो तिथेच परत आणणाऱ्या गोल वाटेत, एक गोम असते, अर्धं अंतर झालं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं, म्हणून परत फिरायचं का हे एक तृतीयांश अंतरावरच घड्याळ बघून ठरवायचं.

वेळेचा हिशोब नुसत्या किलोमीटरवर करू नका. स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून कामाला येतो, ५ किमीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे २० किमीचा लूप आणि १२०० मीटर चढ असेल तर चालत ६ तास, आणि त्यात खायचे-फोटोचे ब्रेक धरलेलेच नाहीत!

चढावर पळायचा हट्ट सोडा, हात गुडघ्यावर टेकवून झपझप चाला, दम कमी लागतो. खरी मजा आणि खरी वाट दोन्ही उतारावर लागते. पावलं लहान आणि भराभर टाका, नजर दोन-तीन मीटर पुढे. मी एकदा लेस ढिली ठेवून उतरलो, खाली येईपर्यंत अंगठ्याचं नख काळंनिळं. आता उतार लागायच्या आधी बसतो, टाच बुटात मागे दाबतो, घोट्यापाशी लेस आवळतो, मगच निघतो.

वर गारठा असतोच, १००० मीटरला साधारण ६.५ अंश तापमान उतरतं, तेव्हा विंडचीटर हवाच. हेडलॅम्प दिवसासुद्धा घ्या. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर, आणि किती वाजेपर्यंत परतणार ते घरी सांगून निघा.