भाड्याने दिलेले घर सुरक्षित कसे ठेवावे

आपण स्वतः राहतो त्या घरातला ठिबकणारा नळ, गरम होणारा स्विच किंवा नीट न बसणारी कडी आपल्या लगेच ध्यानात येते. भाड्याने दिलेल्या घरात मात्र बिघाड दिसतो एकाला आणि तो दुरुस्त करायचा असतो दुसऱ्याने, त्यामुळे किरकोळ गोष्टी महिनोन्‌महिने तशाच राहतात. म्हणून घरमालकाने दोन गोष्टींना सर्वांत जास्त जपावे असे माझे मत आहे. एक, जुना भाडेकरू गेल्यानंतर आणि नवा येण्याआधीचे रिकामे दिवस. आणि दुसरी, भाडेकरूने न संकोचता केलेला फोन.

रिकाम्या दिवसांतले पहिले काम कुलपाचे आहे. जाणाऱ्या भाडेकरूने तीन किल्ल्या परत केल्या, याचा अर्थ त्या घराच्या तीनच किल्ल्या अस्तित्वात आहेत असा होत नाही. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीसाठी किंवा एखाद्या नातलगासाठी करून घेतलेली जोडकिल्ली कोणाच्या तरी खणात विसरलेली असू शकते, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. म्हणून भाडेकरू बदलला की कुलूपही बदलावे. दाराच्या आत बसवलेल्या सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली शिरते तो भाग वेगळा काढता येणाऱ्या कुलपात तर सबंध कुलूप काढण्याची गरज पडत नाही. दाराच्या जाड कडेवर, कुलपाच्या पट्टीत दिसणारा लांब स्क्रू काढला आणि किल्ली किंचित फिरवून धरली, की सिलिंडर सरकून हातात येतो. नवा घेताना स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी वेगवेगळी मोजावी, कारण ती अनेकदा सारखी नसते. बसवल्यावर सिलिंडर बाहेरच्या पट्टीच्या 3 मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येता कामा नये. पुढे आलेले टोक पकडीत धरून पिळले, तर तो नेमका स्क्रूच्या भोकापाशी, म्हणजे जिथे धातू सर्वांत कमी असतो तिथेच, तुटतो. आतल्या बाजूला किल्लीऐवजी फिरवायची मूठ असलेला सिलिंडर मिळतो, तो घ्यावा. आग लागल्यावर अंधारात किल्ली शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये, हे त्यामागचे कारण. मात्र दाराला काच असेल, तर ती फोडून मुठीपर्यंत हात पोचणार नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

महागडे कुलूप बसवून निश्चिंत होणाऱ्यांनी एकदा चौकटीकडेही पाहावे. कुलपाची जीभ ज्या पत्र्याच्या पट्टीत शिरते, तिचा एक स्क्रू काढून हातावर घ्या. बहुतेक वेळा तो बोटाच्या पेराएवढाही नसतो आणि लाकडाच्या वरच्या थरातच कसाबसा रुतलेला असतो. दार लाथ मारून उघडले जाते तेव्हा कुलूप शाबूत राहते आणि ही पट्टीच लाकडासकट निघून येते. लाकडी चौकट पुरेशी जाड असेल, तर तिथे सात-आठ सेंटिमीटर लांबीचे स्क्रू घालून घ्यावेत आणि बिजागरीच्या प्रत्येक पानातही तसा एकेक स्क्रू घालावा. सुताराचे हे तासाभराचे काम आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असेल, तर बिजागरीची पिन बाहेरून ठोकून काढता येत नाही ना, तेही तपासावे.

खिडक्यांच्या बाबतीत सरकत्या खिडकीकडे विशेष लक्ष द्यावे. तिची कडी लावलेली असली, तरी झडप वर उचलून खालच्या पट्टीतून बाहेर काढता येते का, ते स्वतः बाहेरून करून पाहावे. येत असेल, तर वरच्या खाचेत अडथळा बसवून घ्यावा. खिडक्यांना गज लावून घेतले असतील, तर निदान एका खिडकीचे गज आतून, किल्लीवाचून उघडणारे असावेत. जे गज चोराला बाहेर ठेवतात, तेच धुराने भरलेल्या खोलीत माणसाला आत अडकवतात. गॅलरीच्या कठड्यातील उभ्या गजांमध्ये 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर लहान मुले असलेले कुटुंब येण्यापूर्वी ते कमी करून घ्यावे.

विजेबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की एमसीबी, म्हणजे वीज जास्त झाली की आपोआप पडणारी बोर्डावरची कळ, आहे म्हणजे विजेचा धक्का बसणार नाही. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांपासून तारांचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, लागते. तिच्यावर चाचणीचे एक बटण असते. ते दाबताच घरातला वीजपुरवठा खटकन बंद पडला पाहिजे. न पडल्यास ती तातडीने बदलावी. मात्र हे बटण फक्त त्या यंत्रणेची परीक्षा घेते, अर्थिंगची नव्हे. अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजूनच घ्यावे लागते. भाडेकरू एसी किंवा गिझर आणणार असेल, तर ते करार करतानाच विचारून घ्यावे आणि त्यासाठी पुरेशा जाडीच्या तारेची स्वतंत्र लाइन टाकून द्यावी. नाही तर तो एखाद्या साध्या प्लगमध्ये एक्स्टेंशन बोर्ड लावून आपले काम भागवणार, हे उघड आहे, आणि त्यात दोष त्याच्या एकट्याचा म्हणता येणार नाही.

इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. माझ्या घरातील भाडेकरूने नळाच्या तक्रारीसाठी एका आठवड्यात तीन वेळा फोन केला, तेव्हा मी जरा चढ्या आवाजात बोललो. पुढे तो घर सोडून गेल्यावर फ्रिजमागचा प्लग पाहिला, तर त्याची एक बाजू तपकिरी होऊन वितळलेली होती. तो महिना-दोन महिने गरम होत होता, हे त्या भाडेकरूला ठाऊक होते. पुन्हा फोन करून बोलणी खाण्यापेक्षा त्याने फ्रिजच दुसऱ्या भिंतीशी सरकवला होता. आग लागली नाही, ते केवळ नशीब. तेव्हापासून मी प्रत्येक भाडेकरूला बजावून सांगतो, की करपल्याचा वास, गरम प्लग, भिंतीवरची नवी ओल आणि अडकणारे कुलूप या चार गोष्टींसाठी वेळ-काळ पाहू नये, आणि तसा फोन आला की त्याच दिवशी माणूस पाठवतो.

गॅस असलेल्या घरात गळती ओळखणारे यंत्र बसवायचे, तर त्याची जागा गॅसच्या प्रकारावर ठरते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून यंत्र खाली लागते. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो आणि तो हलका असल्याने वर जातो, म्हणून यंत्र छताजवळ लागते. याहून फसवा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. हवा खेळती नसलेल्या जागी गॅस नीट जळत नाही आणि तयार होणाऱ्या या वायूला रंगही नसतो व वासही नसतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर कधीही बसवू नये, आणि गॅस जळणाऱ्या प्रत्येक उपकरणाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. निळ्याऐवजी पिवळी, लवलवणारी ज्योत आणि आसपास धरलेली काजळी दिसली, की ते उपकरण त्या क्षणी बंद करावे. थंडीत भाडेकरू गार वारा येतो म्हणून झरोका कागदाने बुजवतो, असेही घडते. झरोका कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. धुराचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर असावा, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा आणि 10 वर्षांनी बदलावा.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे अनेक मालकांनाही माहीत नसते. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी गच्च बसलेला आढळतो, म्हणून रिकाम्या दिवसांत तो एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. घर काही आठवडे बंद राहणार असेल, तर तो बंदच ठेवावा आणि नवा भाडेकरू येण्यापूर्वी सर्व नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, कारण साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. रिकाम्या घराविषयी आणखी एक गोष्ट म्हणजे विमा. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामे राहिल्यास अनेक पॉलिसींमधील संरक्षण कमी होते. ते कलम वाचून दिवस मोजावेत. मालकाच्या विम्यात भाडेकरूचे सामान सहसा येत नाही, हेही त्याला आधीच सांगावे. जाहिरातीसाठी फोटो काढताना किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवू नये. स्पष्ट फोटोवरून किल्लीचे दाते मोजून तशीच किल्ली बनवता येते.

भाडेकरू राहत असताना देखरेख हवी, पण ते आता त्याचे घर आहे. पाहणीला जायचे तर कारण आणि वेळ आधी लेखी कळवावी. अनेक ठिकाणी कायद्यानेच तशी पूर्वसूचना बंधनकारक आहे, आणि जिथे नाही तिथेही निदान 24 तास आधी सांगणे शोभून दिसते. स्वतःकडची किल्ली पाकिटात घालून, त्यावर दोघांच्या सह्या करून ठेवली, तर संशयाला जागा राहत नाही. घराच्या आत कॅमेरा बसवणे सर्वस्वी गैर आहे. सामायिक दारावर बसवायचा असेल, तर तो कुठे आहे आणि त्यातील चित्रण कोण पाहतो, हे करारातच लिहावे. कुलूप आकडे दाबून उघडणारे असेल, तर आधीच्या भाडेकरूचा आकडा काढून टाकण्याची आठवण ठेवावी.

घराचा ताबा देण्याच्या दिवशी घाई करू नये. दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढावेत, मीटरचे आकडे आणि दिलेल्या किल्ल्यांची संख्या लिहून त्याखाली सह्या कराव्यात. त्यानंतर आरसीसीबीचे बटण, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि गॅसची मुख्य तोटी आपण नुसती दाखवून थांबू नये. भाडेकरूला स्वतःच्या हाताने ती एकेकदा बंद करून चालू करायला लावावी, आणि मगच किल्ल्या त्याच्या हाती द्याव्यात.