डॅश की बॅश? शेल हलका करताना या चुका टाळा

शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम. बॅश आणि डॅश हे त्याचे दोन प्रकार, त्यातला डॅश हलका. उबुंटू या लिनक्सने 2006 साली 6.10 आवृत्तीत एसएच या सिस्टीमच्या मूळ शेलच्या जागी बॅश काढून डॅश बसवला, तो मशीन लवकर बूट व्हावं म्हणून. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने तेच 2011 च्या स्क्वीझ आवृत्तीत केलं. लॉगिनला, म्हणजे आपण ज्यात टाइप करतो त्या शेलला, मात्र दोघांनीही बॅशच ठेवला. हा भाग नजरेतून सुटतो, आणि 'डॅश फास्ट आहे' एवढं वाचून लोक तोच लॉगिन शेल करून टाकतात. मग वरचा बाण दाबला की मागची कमांड येत नाही. टोपीचं चिन्ह, दोन उघडे चौकटी कंस आणि एक 'ए' उमटतो. टॅबने फाइलचं नावही पूर्ण होत नाही. दिवसभर टाइप करायचं असेल तर बॅश, झेडएसएच किंवा फिश शेलच ठेवा. तिथे काटकसर नको.

उलटी चूक जास्त महागात पडते: स्क्रिप्ट (कमांडची फाइल) बॅशची, पण ती कोणत्या शेलने चालवायची हे सांगणारी पहिली ओळ एसएचची. दुहेरी चौकटी कंस डॅशला कळत नाहीत. तो त्यांना कमांड समजून शोधतो, 'नॉट फाउंड' म्हणतो आणि पुढे जातो. ते इफच्या अटीत असतील तर अट खोटी ठरते आणि सरळ एल्सचा भाग चालतो. कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट वजा ई' लावलेलं असलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही, कारण इफच्या अटीतलं अपयश त्यात धरत नाहीत. आता कल्पना करा, त्या एल्समध्ये जुन्या फाइली पुसायची ओळ आहे! नुसतं व्याकरण तपासणाऱ्या 'डॅश वजा एन' ने तपासलं तरी हे सापडत नाही. व्याकरणाने ओळ बरोबरच असते. म्हणून स्क्रिप्टमधल्या अशा चुका शोधणारं शेलचेक चालवाच. अ‍ॅरे वगैरे बॅशच्या खास सोयी हव्या असतील तर पहिल्या ओळीत बॅश लिहा, त्यात कमीपणा नाही. नको असतील तर एकेरी कंस, दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह, आणि सोर्सऐवजी नुसतं टिंब.

बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी फाइलीत स्वागताचा मजकूर एको करत (छापत) असाल तर एससीपी किंवा आरसिंकने फाइली पाठवणं अडू शकतं. उबुंटूच्या मूळ फाइलीत शेल इंटरॅक्टिव्ह आहे का, म्हणजे समोर कोणी टाइप करणार आहे का, ही तपासणी सुरुवातीलाच असते. तुमच्या ओळी तिच्या खालीच घाला.

टर्मिनल उघडायला वेळ लागतोय? शेलचे प्लगइन एकेक बंद करून पाहा. गिटच्या मोठ्या रेपोत (कोडच्या फोल्डरात) एंटर दाबल्यावर प्रॉम्प्ट अडखळत असेल, तर आधी प्रॉम्प्टमध्ये दिसणारं गिट स्टेटस काढा.

आणि सर्व्हरवर शेल बदलताना जुनं सेशन बंद करू नका. दुसऱ्या खिडकीत नव्याने लॉगिन होतंय हे दिसलं, की मगच एक्झिट.