ब्रॉयलरच्या फीडमध्ये मीठ किती टाकायचं? सोडियम, सोडा आणि बोअरच्या पाण्याचा हिशोब

स्वतः फीड बनवणारे बरेच जण मीठ अजून अंदाजानेच टाकतात. टनाला तीन किलो, कुणी चार, आणि का विचारलं तर मागच्या बॅचलाही तेवढंच होतं म्हणतात. मका-सोयाचा भाव दिवसातून दोनदा बघतात पण मिठाचा हिशोब कुणी मांडत नाही, आणि मग पिल्लं फीड नीट खात नाहीत, वाढ मागे राहते, नाहीतर लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला तूस-भुसा) ओलं होऊन शेडमध्ये डोळे चुरचुरतात. कंपनीचं फीड घेऊन करारावर करत असाल तर फीडमधलं मीठ तुमच्या हातात नाही, तरी खालचा पाण्याचा भाग वाचाच, पाणी तुमचंच असतं.

पहिली गोष्ट म्हणजे पक्ष्याला मीठ लागत नाही, सोडियम आणि क्लोराईड लागतं, आणि दोन्ही वेगवेगळं मोजायचं. मिठात साधारण ३९ टक्के सोडियम आणि ६१ टक्के क्लोराईड असतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरला सोडियम पहिले ३ आठवडे ०.२० टक्के, ३ ते ६ आठवडे ०.१५ आणि त्यापुढे ०.१२ दिलंय, क्लोराईडचे आकडेही तेच. हा तक्ता आता जुना झाला, हल्लीच्या फास्ट वाढणाऱ्या जातींना साधारण ०.१८ ते ०.२३ टक्के सोडियम धरतात. मी स्टार्टरला (लहान पिल्लांचं पहिलं फीड) ०.२० च्या खाली जाऊ नका म्हणेन, फिनिशरला (शेवटचं फीड) ०.१८ पुरतं. लहान पिल्लाची गरज सगळ्यात जास्त असते आणि वय वाढेल तशी कमी होते, त्यामुळे स्टार्टर, मधलं ग्रोअर आणि फिनिशर या तिन्ही फीडला एकच माप लावणं मला पटत नाही.

आता हिशोब करून बघू. मका आणि सोया डीओसीमध्ये (तेल काढलेली सोया पेंड) सोडियम नावालाच असतं, दोन्ही मिळून फीडमध्ये ०.०३ टक्के धरा. ०.२० पाहिजे म्हणजे ०.१७ बाहेरून द्यायचंय. सगळं मिठातून दिलं तर टनाला ४.३ किलो मीठ लागेल, पण त्यासोबत क्लोराईड ०.२६ टक्के येतं, वर मका-सोयाचं थोडं, आणि लायसिन एचसीएल (फीडमध्ये वरून घालायचं अमिनो आम्ल) वापरत असाल तर त्यातही जवळपास १९ टक्के क्लोराईड असतं, कोलीन क्लोराईड हे पूरक घालत असाल तर त्याचं वेगळंच, म्हणजे क्लोराईड ०.३० च्या वर जातं आणि सोडियम-क्लोराईडचा तोल बिघडतो. म्हणून मीठ अडीच किलो घ्या आणि राहिलेलं सोडियम खायच्या सोड्यातून द्या. सोड्यात २७ टक्के सोडियम असतं आणि क्लोराईड अजिबात नाही. अडीच किलो मिठातून ०.०९८ मिळालं, राहिलेल्या ०.०७२ साठी सोडा साधारण २.७ किलो. क्लोराईड येतं ०.२४ च्या आसपास, चालतं. मीठ मात्र पूर्ण बंद करून सगळं सोड्यावर नेऊ नका, क्लोराईड कमी पडलं तर पिल्लं मरतात, आणि त्याचं एक ठळक लक्षण आहे, अचानक मोठा आवाज झाला की पिल्लू पुढे पडतं आणि पाय मागे ताणून धरतं.

हे माप साध्या मका-सोया फीडचं आहे. कॉन्सन्ट्रेट (प्रोटीन-मिनरलचं तयार मिश्रण) आणून नुसता मका मिसळत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, गोणीवरचं लेबल वाचा, वरून परत टाकू नका. आणि सुकी मासळी किंवा तिचा कुट्टा वापरणाऱ्यांनी फार जपून राहा, खारवलेल्या मासळीत मीठ प्रत्येक लॉटला वेगळं निघतं आणि कधी कधी खूप जास्त असतं. लॉट तपासल्याशिवाय वापरू नका, आणि तपासणं जमत नसेल तर मासळी टाकूच नका, स्वस्त प्रोटीनच्या नादात बॅच जाते.

आता पाणी, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्ष इथेच होतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाण पट्टा (जिथे जमिनीतलं पाणी खारट आहे) तर सगळ्यांना माहीत आहे, पण बोअरचं पाणी इतर ठिकाणीही खारट निघतं. लॅबमध्ये पाणी देताना नुसता टीडीएस (विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा) मागू नका, सोडियम आणि क्लोराईड वेगळं लिहून मागा. समजा लिटरला ३०० मिलिग्रॅम सोडियम निघालं. पक्षी किलोभर फीडमागे जवळपास २ लिटर पाणी पितो, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, म्हणजे फीडमध्ये ०.०६ टक्के सोडियम जास्तीचं टाकल्यासारखंच झालं. एवढं सोडियम टनाला दीड किलो मिठातून येतं! उन्हाळ्यात पाणी त्याहून जास्त पितात, तेव्हा आकडा अजून वाढतो. पाण्यात क्लोराईडही तसंच जास्त असेल तर आधी मीठ कमी करा, सोडा नंतर. आणि अशा पाण्यात वर इलेक्ट्रोलाइट पावडर दिवसभर चालू ठेवणं म्हणजे पिल्लांवर अन्यायच, कारण पाण्यातलं जास्तीचं मीठ फीडमधल्यापेक्षा जास्त बाधतं, पिल्लू तहान भागवायला परत तेच पाणी पितं.

मिसळताना खडेमीठ तसंच टाकू नका, कोरडं बारीक मीठ घ्या, दमट होऊन गोळे झाले असतील तर चाळून घ्या. मीठ, सोडा, प्रीमिक्स (व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण) हे सगळं आधी दहा-पंधरा किलो मक्याच्या भरड्यात नीट कालवा आणि मगच मिक्सरमध्ये सोडा, नाहीतर एका गोणीत खारट आणि दुसरीत अळणी फीड जातं.

लिटर ओलं झालं की लगेच मीठ बंद करायची सवय फार पसरलीय, ती सोडा. आधी पाण्याच्या पाइपचे निपल गळतात का, त्यांची उंची आणि प्रेशर, पडदे, हवा खेळती आहे का, कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) आहे का हे बघा. सोयात पोटॅशियम भरपूर असतं, सोया जास्त झालं तरी विष्ठा पातळ होते. हे सगळं बघून झालं आणि पाणी पिणं नेहमीपेक्षा खूप वाढलेलं दिसलं तरच मिठावर संशय घ्या. मीठ तोडलं की पक्षी पाणी कमी पितो, लिटर सुकतं, शेतकरी खूश होतो, पण खाणंही कमी होतं, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं फीड) बिघडतो आणि पक्षी एकमेकांची पिसं टोचायला लागतात.

उलट मीठ खरंच जास्त झालं असेल तर पिल्लं ड्रिंकरपाशीच गर्दी करतात, धापा टाकतात, पोटात पाणी साठतं, मर वाढते. असं दिसलं तर ते फीड लगेच काढा, साधं गोडं पाणी भरपूर ठेवा आणि मेलेली ताजी पिल्लं पोस्टमॉर्टेमला डॉक्टरांकडे न्या, कारण पोटात पाणी दुसऱ्या कारणांनीही होतं, हिवाळ्यात शेड बंद ठेवल्यावर तर हमखास.

फीडचं सॅम्पल लॅबला द्याल तेव्हा एक विचारा. रिपोर्टमध्ये मीठ म्हणून जो टक्का येतो तो बहुतेक वेळा क्लोराईड मोजून काढलेला असतो. म्हणजे सोड्याचं सोडियम त्यात दिसतच नाही आणि लायसिनचं क्लोराईड मात्र मीठ म्हणून मोजलं जातं. सोडियम वेगळं मोजून द्या असं सांगा, थोडे पैसे जास्त लागले तरी द्या.