वैद्यकीय इंग्रजी: शब्द पाठ करू नका, विग्रह करा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एमबीबीएस, नर्सिंग किंवा डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) आलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात धडकी भरते ती या लांबलचक शब्दांची. खरं तर त्यासाठी लागणारं हत्यार त्यांच्याकडे आधीपासून असतं, ते म्हणजे शाळेतला समास.

‘राजवाडा’ म्हणजे राजा नव्हे, वाडा. तत्पुरुषात वजन शेवटच्या पदाला असतं. वैद्यकीय शब्दही तसेच, म्हणून ते शेपटीकडून फोडायचे. कोलेसिस्टेक्टोमी घ्या. शेवटी ‘एक्टोमी’, म्हणजे काढून टाकणं. काय काढायचं? ‘सिस्ट’, पिशवी. कसली? ‘कोले’, पित्ताची. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया.

शेपट्या आधी पक्क्या करा, कारण घोळ तिथेच होतात. मूत्रपिंडासाठी ‘नेफ्रो’ घेऊन तीन शब्द शेजारी लिहा. नेफ्रोटोमी म्हणजे मूत्रपिंडाला छेद देणं. नेफ्रोस्टोमी म्हणजे लघवी बाहेर यावी म्हणून मूत्रपिंडापर्यंत वाट करून तिथे नळी ठेवणं. नेफ्रेक्टोमी म्हणजे मूत्रपिंडच काढणं. घाईत उच्चारले तर तिन्ही सारखेच ऐकू येतात. पेशंटच्या दृष्टीने मात्र पहिल्या दोघांत मूत्रपिंड राहतं आणि तिसऱ्यात जातं. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘अल्जिया’ दुखणं, ‘मेगाली’ आकार वाढणं, ‘इमिया’ रक्तातली स्थिती, ‘युरिया’ लघवीतली. एवढ्यावर बरीच मजल मारता येते.

शब्दाच्या तोंडाशी जे लागतं ते तर निम्मं ओळखीचंच आहे. ग्रीक आणि संस्कृत चुलत भाषा. ‘हायपर’ आणि ‘उपरि’ एकाच मुळातले, ‘हायपो’ आणि ‘उप’ही. ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’: पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं वेष्टन. नकाराचा नियमसुद्धा तोच, व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’. अज्ञान तसा अ‍ॅप्निया (श्वास थांबणं), अनुचित तसा अ‍ॅन्युरिया (लघवी जवळजवळ न होणं). ‘ऑस्टिओ’त अस्थी दिसली की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

हायपो आणि हायपर फोनवर ऐकताना मात्र स्मरणशक्तीवर विसंबू नका. ‘केलेमिया’ म्हणजे रक्तातलं पोटॅशियम. त्याचं लॅटिन नाव केलियम. साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असतं. हायपोकेलेमियात ते कमी पडतं, म्हणून देतात. हायपरकेलेमियात आधीच जास्त असतं, तिथे दिलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून समोरच्याने शब्द सांगितला की आपण आकड्यासह उलट म्हणायचं: ‘पोटॅशियम कमी, २.८, बरोबर?’

विग्रह दर वेळी साथ देत नाही. ‘ओमा’ म्हणजे गाठ, पण हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त आणि ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. दोन्हींत ट्यूमर नाही. उलट मेलानोमा ऐकायला सौम्य वाटला तरी तो कर्करोग. आयलियम हा उच्चार दोघांचा: लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड. स्पेलिंगमध्ये आतड्याला मधे ‘ई’ (ileum), हाडाला ‘आय’ (ilium). हे मुकाट्याने पाठ करावं लागतं.

पुस्तकाच्या शेवटी सूचीत शब्द सापडत नसेल तर स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन ते बघा. अन्ननलिका ब्रिटिश पुस्तकात ‘ओ’खाली (oesophagus), अमेरिकन पुस्तकात ‘ई’खाली (esophagus) मिळते.

वहीत रोज पाचच शब्द, प्रत्येकाला तीन रकाने: शेपूट, मूळ, तोंड. चौथ्यात मराठी अर्थ, तोही आजीला कळेल असा. ‘हेपॅटोमेगाली’समोर ‘यकृतवृद्धी’ लिहून काही साधत नाही; ‘लिव्हर मोठं झालंय’ लिहा, कारण वॉर्डात तेच बोलावं लागणार आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरं वेगळ्या पानावर: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर. यातला ओडी डोळ्यांच्या विभागात ‘उजवा डोळा’ होतो. आणि इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. नुसतं ‘यू’ अक्षर १० ला चिकटलं की शून्यासारखं दिसतं आणि नर्स १०० वाचते.