झटकन थांबा, वळा, सुटा; पण गुडघा शाबूत ठेवून

सरळ रेषेत पळणाऱ्याचा गुडघा सहसा हळूहळू कुरकुरायला लागतो. खो-खो, फुटबॉल, बॅडमिंटन खेळणाऱ्याचा मात्र एका क्षणात जातो, आणि तोही पुष्कळदा कुणाचा धक्का न लागता. खेळाडू वेगात येतो, पाय रोवतो, अंग वळवतो आणि पाय तिथेच जमिनीला धरून राहतो. गुडघ्याच्या आतलं एसीएल हे लिगामेंट असंच तुटतं.

पुण्यात झटकन वळण्याचं शिक्षण जुनं आहे. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, आणि हूल कशी द्यायची हे इथल्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. आता त्यात भाड्याच्या टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानांची, भर पडली आहे. दिवसभर खुर्चीत बसलेली मंडळी रात्री नऊला तिथे पोचतात, तासाचे पैसे वसूल करायचे म्हणून वॉर्मअपला फाटा देतात आणि पहिल्या पाच मिनिटांतच कट मारायला, म्हणजे पळता पळता झटकन दिशा बदलायला, जातात. पुढचं सगळं मैदानावरच्या आणि टर्फवरच्या, दोघांसाठीही आहे.

आधी थांबायला शिका

वळताना जे बिघडतं ते बहुधा वळणाच्या पावलात नसतं, त्याच्या आधीच्या दोन-तीन पावलांत असतं. वाळू सांडलेल्या वळणावर दुचाकी आडवी केल्यावर ब्रेक दाबला की काय होतं हे पुणेकराला सांगायला नको. पायांचंही तेच: वेग आधी कमी करायचा, मग वळायचं. सगळा ब्रेक शेवटच्या एका पावलावर टाकला की तो भार एकट्या गुडघ्याला झेलावा लागतो.

थांबायच्या जागेच्या दोन-तीन मीटर आधीच पावलं आखूड आणि जलद करा. पूर्ण वेगात असाल तर चार-पाच पावलं लागतील, मध्यम वेगात तीन पुरतात. प्रत्येक पावलागणिक कंबर थोडी खाली आणा. पाय कमरेइतक्या अंतरावर, गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढे. गुडघे किती वाकवायचे? शेवटच्या पावलाला अर्धवट बैठकीइतके तरी. टाच आधी टेकली तर हरकत नाही, पण लगेच पूर्ण तळवा जमिनीवर आला पाहिजे. ताठ गुडघ्याने टाच रुतवून थांबणं ही सगळ्यात वाईट सवय: गुडघा सरळ असताना मांडीच्या स्नायूंना धक्का शोषायला वावच मिळत नाही.

थांबल्यावर दोन सेकंद हललात नाहीत, तर थांबणं जमलं. पुढे एक पाऊल निसटत असेल तर वेग कमी करून पुन्हा करा. हे नीट जमेपर्यंत वळायला जाऊ नका. थांबण्याचा सराव कंटाळवाणा असतो, म्हणून बहुतेक संघ तो वगळतात आणि थेट शंकूंमधून नागमोडी पळायला लागतात.

वळण

उजव्या पायावर जोर देऊन डावीकडे, पूर्ण मागे फिरायचं आहे असं धरा. जिथे फिरायचं त्या रेषेच्या आधीचं पाऊल डाव्या पायाचं. खरा ब्रेक इथे लागतो, म्हणून गुडघा खोल वाकवा आणि याच पावलावर कंबर डावीकडे फिरवायला सुरुवात करा. मग उजवं पाऊल रेषेवर आडवं पडेल, बोटं डावीकडे, कमरेच्या थोडंच बाहेर. तोवर छाती अर्धी वळलेली असते, त्यामुळे उजव्या पायाला फक्त ढकलायचं काम उरतं. नव्या दिशेचं पहिलं पाऊल डाव्या पायाचं.

बाजूला हलका कट मारायचा असेल, समजा ४५ अंशांचा, तर एवढं थांबावं लागत नाही. बाहेरचा पाय रोवा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा, छाती नव्या दिशेला झुकवा आणि सुटा. ९० अंशांचं वळण या दोन्हींच्या मधलं. कोन वाढेल तसा आधीचा ब्रेक वाढवायचा.

तीन गोष्टी एकत्र आल्या की गुडघा धोक्यात येतो. पाय कमरेपासून फार लांब बाजूला टाकणं, गुडघा ताठ असणं आणि धड उलट्या बाजूला, म्हणजे रोवलेल्या पायाकडे, कलणं. यामुळे गुडघा आत पडतो, मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे पिळली जाते. बॉलकडे किंवा पाठलाग करणाऱ्याकडे मान वळवून बघताना धड नकळत कलतं, म्हणून सरावात सुबक वळणारा खेळाडू सामन्यात चुकतो. सराव दोन-तीन आठवडे झाला की समोर जोडीदार उभा करा आणि त्याने ऐनवेळी हाताने दाखवलेल्या बाजूला वळा.

आपलं काय चुकतंय ते स्वतःला जाणवत नाही. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर समोर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पाय टेकल्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवा. गुडघ्याची वाटी अंगठ्याच्याही आत दिसत असेल तर वेग निम्मा करा. मुलींमध्ये एसीएलच्या दुखापतीचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त आढळतं, म्हणून शाळेच्या मुलींच्या संघाला हे चित्रण जरूर दाखवावं.

सुटताना

उभ्या उभ्या सुटताना एक पाय आपसूक मागे जातो. काही प्रशिक्षक यावर ओरडतात. ओरडू नये: तो पाय मागे गेल्यानेच पुढे ढकलायला कोन मिळतो. पाहायचं ते पहिल्या तीन पावलांकडे. ती आखूड हवीत, चवड्यावर हवीत आणि पाय अंगाच्या खाली किंवा मागे पडायला हवा. पहिलंच पाऊल लांब टाकलं की पाय अंगाच्या पुढे पडतो आणि तुम्ही स्वतःलाच ब्रेक मारता. झुकायचं घोट्यापासून, कमरेतून वाकायचं नाही. हात जोरात मारा.

खो-खोमध्ये बसलेला खेळाडू खो मिळताच आधी उभा राहतो आणि मग पळतो, हे नेहमीचं. बैठकीतूनच पुढे तिरकं ढकला. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर मांड्या आणि पार्श्वभाग कमजोर आहेत असं समजा. खांबाला वळसा घेताना जवळच्या हाताने खांब धरा, कोपर थोडं वाकवून. हात ओढण्याचं काही काम करतो, तेवढं पायांवरचं कमी होतं. कोपर ताठ राहिलं तर झटका खांद्याला बसतो. साखळी खेळणाऱ्याला, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणाऱ्याला, मात्र धरायला काही नसतं. त्याने प्रत्येक वळणाआधी पाऊल आखूड केलंच पाहिजे.

क्रिकेटमध्ये दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. दुसऱ्या धावेसाठी वळताना पाय क्रीजपर्यंत नेण्याची गरजच नाही. खाली वाकून बॅट घसरवत नेली की शरीर दीड मीटरभर अलीकडे वळू शकतं. बॅट योग्य हातात घेऊन बॉलच्या बाजूला तोंड करून वळा.

मैदान आणि बूट

पाय घसरला तर लचकतो, अजिबात न घसरता चिकटून राहिला तर गुडघा पिळतो. हवं ते दोन्हीच्या मधलं. उन्हाळ्यात कडक झालेल्या लाल मातीवर बारीक खडी मोकळी राहते. ती झाडून पाणी मारल्याशिवाय जोराचे कट मारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये चिखल असेल तर त्या दिवशी फक्त ताकदीचा व्यायाम. टर्फवर नैसर्गिक गवतासाठीचे लांब स्टडचे (खुंट्यांचे) बूट घालून जाऊ नका, ते पकडून बसतात; छोट्या दाट रबरी खुंट्यांचे बूट चांगले. जाड, मऊ तळव्याचे रोड रनिंगचे बूट कट मारताना बाजूला कलंडतात. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर पळायला ते ठीक, पण उतारावर वळताना तिथेही पावलं आखूडच.

सराव किती

दहा-बारा मिनिटं वॉर्मअप: हलकं पळणं, बाजूला सरकणं, लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवणं), दोन-तीन वाढत्या वेगाच्या धावा. फुटबॉलवाल्यांनी ‘फिफा ११ प्लस’ हा ठरावीक वॉर्मअप शिकून घ्यावा. साधारण २० मिनिटं लागतात आणि दुखापती कमी होतात असं दिसून आलं आहे.

नंतर दहा मीटर धाव आणि एक वळण, असं २० ते २४ वेळा, दोन्ही बाजूंना सारखं. प्रत्येक धावेनंतर ४५ सेकंद ते एक मिनिट थांबा, कारण दमलेला पाय चुकीचं शिकतो. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. पहिले दोन आठवडे साठ टक्के वेग, पुढचे दोन ऐंशी, मग पूर्ण.

त्याच दिवशी ताकदीसाठी: एका पायाचा अर्धा स्क्वॉट आठ वेळा, साइड लंज आठ वेळा, एका पायावर टाच उचलणं पंधरा वेळा, एका पायावर उडी मारून तीन सेकंद स्थिर राहणं पाच वेळा, हे सगळं प्रत्येक पायावर, दोन फेऱ्या. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक: गुडघ्यांवर उभे राहा, घोटे जोडीदाराने धरावेत, सरळ अंगाने पुढे सावकाश झुका. सुरुवातीला तीन ते पाचच. पहिल्या दिवशी दहा केलेत तर दोन दिवस जिना उतरवणार नाही.

दुखलं तर

गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर ब्रेक मारण्याचं प्रमाण एकदम वाढलं आहे. वळणं निम्मी करा. जांघेत ओढ असेल तर पाय फार लांब टाकताय. घोटा मुरगळला आणि त्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचाच.

‘टक्’ असा आवाज, काही तासांत गुडघ्याला सूज, किंवा गुडघा निसटल्यासारखा वाटणं, यांपैकी काही झालं तर खेळ तिथेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पहिले दोन दिवस शेकू नका, तेल चोळून मालीश करू नका, कुणाकडूनही ओढून ‘बसवून’ घेऊ नका. आजी रागावली तरी चालेल. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दाबपट्टी आणि पाय उंच. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्याने नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, आणि त्यानंतरही दुखऱ्या पायावरची एकपायी उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जात नसेल तर अजून थांबावं.